सातव्या गोलातले काका

देश कोण चालवतं हे मला इंचात माहीत आहे.

शहाद्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे, नूतन डिजिटल. मोठ्या होर्डिंगवर सगळ्यात वर गोलांची एक ओळ असते, आणि त्या गोलांत चेहरे. दिल्लीचा गोल छत्तीस इंच, मुंबईचा तीस, नंदुरबारचा चोवीस. खाली ज्याचा कार्यक्रम त्याचा कमरेपर्यंत फोटो, हात जोडलेले. अगदी तळाला शुभेच्छुकांची डोकी. ती मोजायची नसतात, फक्त मावली पाहिजेत. कोण चढलं आणि कोण पडलं हे मला बातम्यांच्या आधी कळतं, कारण पडलेल्याचा गोल काढून टाक असा फोन येतो. का, ते विचारायचं नसतं.

माझ्या आधी हा धंदा धर्मेंद्र करायचा. त्याने एकदा हिंमतराव आबांचा गोल दोन इंच लहान छापला. आता तो सुरतेला साड्यांना फॉल लावतो. फोन केला तर उचलतो, पण बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

हिंमतराव आबा कोणत्याही पदावर नाहीत. पदावर असलेले लोक सकाळी त्यांच्या ओट्यावर चपला काढून बसलेले असतात, एवढं सांगितलं की पुरे.

मे महिन्यात आबांनी लोणखेड्याच्या मैदानावर शेतकरी मेळावा ठेवला. दिल्लीहून मंत्री येणार होते, साधे नाही, कॅबिनेटचे. देश चालवणाऱ्या दहा माणसांची यादी कुणी काढली तर त्यात असणारे. सोमवारी आबांचा उजवा हात, भूपेंद्रभाऊ, पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आला.

“सात गोल,” तो अहिराणीत म्हणाला. “सहा फोटो यामां शेत. सातवा दिल्लीहून येनार शे.”

“कोना शे?”

“माले काय माहीत. आबानी सांगं शे, जो येई तो लाव. साईज दिल्लीनी.”

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गोल रिकामा ठेवला की डिझाइन बिघडतं, डोळ्याला अंदाज येत नाही. म्हणून खरा फोटो येईपर्यंत जागा धरायला समोर असेल ते डोकं टाकायचं. मी पूर्वी गणपती टाकायचो. एकदा तो तसाच छापला गेला आणि एक नगरसेवक मला विचारायला आला की यांना पक्षात कधी घेतलं. तेव्हापासून मी माणसंच टाकतो.

त्या दिवशी कॉम्प्युटरवर समोर गिरधर काकांचा फोटो होता.

गिरधर काका माझे सख्खे काका. कळसाडीला त्यांची केळी आहे. माझे वडील मी सहावीत असताना गेले, तेव्हापासून मला त्यांनीच वाढवलं. चार महिन्यांपासून त्यांची बँकेतली केवायसी अडकली होती आणि बँक दर वेळी नवा फोटो मागत होती. आमच्याकडे पासपोर्ट फोटोला कोट फुकट. अंगात बंडी असो की बनियन, फोटोत जोधपुरी कोट चढतो, तो कॉम्प्युटरमध्ये तयार ठेवलेला आहे. त्याचं दुसरं बटण मूळ चित्रात कापलं गेलं होतं, ते मी हाताने काढलंय, जरा तिरकं. फ्लॅशला काकांनी तीनदा डोळे मिटले. चौथ्या वेळी अर्धे मिटले. त्यामुळे ते असे दिसत होते की कुणीतरी सगळा देश त्यांच्यापुढे मंजुरीला ठेवलाय आणि त्यांना तो पसंत नाही.

मंगळवारी दुपारी लाइट गेली, ती साडेचारला आली. लगेच भूपेंद्रभाऊचा फोन. “आज सांजले टांगना शेत. छापी टाक.” मी घाईत फाइल उघडली. सात गोल होते, सात कोट होते. मशीनला लावून टाकली. अकरा होर्डिंग.

बुधवारी सकाळी मी लोणखेड्याला गेलो. टांगल्यावर होर्डिंगचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायची पद्धत आहे. मोबाइल वर धरला आणि सातव्या गोलात काका दिसले. छत्तीस इंच. मी मोटारसायकल बंद केली नाही, ती आपोआप बंद पडली.

होर्डिंगखाली भूपेंद्रभाऊ उभा होता. मान वर, हात मागे. मला पहिल्यांदा धर्मेंद्र आठवला, मग सुरतेच्या गाडीची वेळ.

“हेमकांत,” तो हळू आवाजात म्हणाला. भूपेंद्रभाऊला हळू आवाज आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

“हां, भाऊ.”

“सातवा.”

“हां.”

“ह्या सायेब कोन शेत ते मी इचारत नही.”

“बरं.”

“तू बी सांगू नको.”

“नही सांगत.”

“पन खूश शेत ना?”

मी वर काकांकडे पाहिलं. खोटं बोलायची हिंमत झाली नाही. “नही,” मी म्हटलं.

भूपेंद्रभाऊने तोंडातली सुपारी गिळली. मग त्याने वायरमनला बोलावलं आणि सातव्या गोलाच्या पुढून जाणारी विजेची तार उतरवायला लावली. लोणखेड्याच्या त्या गल्लीत संध्याकाळपर्यंत लाइट नव्हती. कुणी तक्रार केली नाही. लोक येऊन वर बघत होते आणि मुकाट्याने घरी जात होते.

अकरा वाजता आबांनी बोलावलं.

आबा नेहमी झोपाळ्यावर असतात आणि झोपाळा नेहमी हलत असतो. त्या दिवशी तो थांबलेला होता. “बस,” आबा म्हणाले. मी आजवर आबांना कुणालाच बस म्हणताना ऐकलं नव्हतं. आणि ते शुद्ध मराठीत बोलायला लागले. आबा घरात, शेतात, सभेत, शिवीगाळ करताना, सगळीकडे अहिराणी बोलतात. शुद्ध मराठी ते फक्त अंत्यविधीला वापरतात.

“चाळीस वर्षं मी यात आहे,” ते म्हणाले. “दिल्लीत जे दिसतात ते मला माहीत आहेत. जे दिसत नाहीत तेही माहीत आहेत. हे गृहस्थ मला माहीत नाहीत.”

“आबा, तो फोटो चुकून...”

आबांनी तळहात वर केला. “पुढे बोलू नकोस. मुंबईहून सकाळपासून तीन फोन आले. आम्हाला न कळवता यांना कधी गाठलं, विचारतात. मी सांगितलं, जुने संबंध आहेत.”

“पण खरंच चुकून आबा, ते...”

“दिल्लीच्या मापाचा फोटो चुकून लागत नसतो, हेमकांत. तुला ‘चुकून’ असं सांगायला सांगितलं असेल. तू सांगितलंस. मी ऐकलं. विषय संपला.”

त्यांचा हात झोपाळ्याच्या कडीवर होता आणि कडी बारीक वाजत होती. झोपाळा तर हलत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की हात हलतोय. आबांना कसं घाबरायचं ते आम्हाला लहानपणापासून येतं. घाबरलेल्या आबांना कसं घाबरायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मी उठलो आणि दारापर्यंत उलटा चालत गेलो.

दुपारी रंजना काकूचा फोन आला.

“हेमू, तुन्हा काकाले काय करं तू?”

काका सकाळी फोटो घेऊन बँकेत गेले होते. मॅनेजर केबिनमधून बाहेर येऊन उभा राहिला. चार महिन्यांची केवायसी चार मिनिटांत झाली, आणि निघताना मॅनेजर म्हणाला की सर, आमच्या शाखेबद्दल कुठे काही बोलू नका. काका घरी आले तर केळीच्या बांधावर दोन पोलीस. कशासाठी विचारलं तर म्हणाले आम्हाला माहीत नाही, तुम्हालाच माहीत असेल. पण काकू या सगळ्याला घाबरली नव्हती. शेजारच्या इंद्रसिंगने अकरा वर्षांपूर्वी काकांचा फवारणीचा पंप नेला होता. तो दारात ठेवून इंद्रसिंग पळून गेला होता.

“धुई दिना त्यानी,” काकू म्हणाली. तिला रडू येत होतं. “पंप धुई दिना, हेमू.”

मी कळसाडीला पोचलो तेव्हा काका गोठ्यात म्हशीच्या मागे बसले होते. तिथे पोलिसांना दिसत नाही. वाटेत ओट्यावर बसलेली माणसं मला बघून उठून उभी राहिली होती. त्यात मला शाळेत मारणारे एक गुरुजीही होते.

“मी कोनं काय बिघाडं?” काकांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. काकांनी म्हशीच्या पाठीवरची गोचीड काढून फेकली.

“मन्हा फोटो काढी टाक.”

“काढता येत नही काका. गोल काढा म्हंजे मानूस पडना असं समजतस.”

“पन मी चढनूच नही ना.”

“चढनात. छत्तीस इंच.”

चढलेल्या आणि मग पडलेल्या माणसाचं काय होतं हे काकांना मी सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात त्याच्या केळीला गाडी मिळत नाही. त्याच्या विहिरीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो आणि दुरुस्तीला सहा महिने लागतात. त्याच्या घरी लग्न निघालं की सगळ्यांना त्याच दिवशी दुसरं लग्न असतं. आणि हे साध्या, चोवीस इंचांच्या माणसाचं. छत्तीस इंचावरून पडलेला माणूस आम्ही अजून जवळून पाहिलेला नव्हता.

“कोनी बलायं तर घर नही म्हना,” मी म्हटलं. “आनि काही बोलू नका.”

गुरुवारी, मेळाव्याच्या दिवशी, त्यांना कुणी बोलावलं नाही. थेट गाडी आली. पत्ता पोलिसांनी दिला होता, माणूस कोण ते त्यांनीही विचारलं नव्हतं.

मी मैदानावर फोटोग्राफरांच्या कठड्यापाशी उभा होतो. मंचावर सात खुर्च्या होत्या, आणि सातव्या खुर्चीवर काका होते. भूपेंद्रभाऊने शहाद्यातून खरा जोधपुरी कोट आणून त्यांच्या अंगात घातला होता. त्रेचाळीस डिग्री तापमानात. कोटाच्या बाहीखालून काकांच्या केळीच्या चिकाने काळ्या पडलेल्या बोटांची टोकं दिसत होती. त्यांनी मला गर्दीत शोधलं. लहानपणी मला पोहायला शिकवताना ते विहिरीच्या काठावर उभे असायचे आणि मी पाण्यातून त्यांच्याकडे बघायचो. आता ते तसे बघत होते.

मंत्री आले. सगळ्यांना हात जोडत जोडत सातव्या खुर्चीपाशी आले आणि अडखळले. हेलिपॅडपासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर त्यांनी हा चेहरा अकरा वेळा पाहिला होता. सहा महिन्यांत दिल्लीत कोण आलं कोण गेलं याचा त्यांच्या डोक्यात हिशेब चालला असावा, आणि तो जुळत नसावा. देश चालवणाऱ्या दहा माणसांत आपण आहोत आणि आपल्याला न सांगता अकरावा आलाय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला कठड्यापासून वाचता आलं. माझं कामच चेहऱ्यांचं आहे.

त्यांनी वाकून काहीतरी विचारलं. काकांना मी न बोलायला सांगितलं होतं. ते बोलले नाहीत. मंत्री अजून थोडे वाकले. काका अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिले, ऊन समोरून येत होतं. मग काकांनी घड्याळ पाहिलं.

कळसाडीला त्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारी साडेबाराला यायची. मोटर चालू करायला माणूस लागतो. मे महिन्यात केळीला पाण्याची एक पाळी चुकली तर पानं करपतात, घड बारीक राहतो. काकांना मंत्र्याची भीती वाटत होती, आबांची वाटत होती, पोलिसांची तर फारच. पण केळीची भीती त्यांना चाळीस वर्षांची होती.

भाषण सुरू झालं. काकांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मंत्री एक पान सोडून पुढे गेले. काकांनी घड्याळ पाहिलं. मंत्र्यांनी सिंचनाच्या चार योजना एका वाक्यात घातल्या. मंचावर आबांसकट सगळे आता भाषण ऐकत नव्हते, काकांचं मनगट बघत होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी काका उठले. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मंचाच्या मागच्या पायऱ्यांकडे निघाले.

सगळा मंच उभा राहिला. मंचावरचे उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली, मग दुसरी, मग सगळं मैदान. मंत्री “शेतकरी हाच या देशाचा” इथपर्यंत आले होते. तिथेच थांबले. शेतकरी हा देशाचा नेमका कोण, हे त्या दिवशी लोणखेड्यात सांगायचं राहून गेलं. पाच मिनिटांत हेलिकॉप्टर उडालं. काका पोलिसांच्या गाडीतून कळसाडीला गेले आणि साडेबाराला मोटर चालू झाली.

शनिवारी मंत्र्यांनी तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला.

त्या दिवशी काका पुन्हा गोठ्यात जाऊन बसले. “त्या मानूसनी नोकरी मन्हामुळे गयी का रे?” एवढंच त्यांनी विचारलं. जेवायला उठले नाहीत. काकूने घरातला टीव्ही चादरीने झाकून ठेवला होता. बांधावर आता दोनाचे सहा पोलीस झाले होते, आणि रात्रीपासून एक पांढरी गाडी फाट्यावर उभी होती. तिच्यात कोण आहे ते पोलिसांनाही माहीत नव्हतं. काका चार दिवसांत इतके खंगले की मी त्यांचा नवीन फोटो काढला असता तर बँकेने तो नाकारला असता.

काढून टाकलं तर पडले. ठेवलं तर मेले. मी दुकानात बसून दोन दिवस सातव्या गोलाकडे बघत होतो. मग मला धंद्यातलीच एक गोष्ट सुचली. माणूस एकदम काढला की सगळ्यांना दिसतो. हळूहळू लहान केला तर?

पुढची ऑर्डर आबांच्या वाढदिवसाची होती. मी काकांचा गोल चौतीस इंच केला. दर ऑर्डरला दोन इंच, म्हणजे वर्षभरात काका लिंबाएवढे होतील आणि कुणाच्या लक्षात न येता विरून जातील, असा माझा हिशेब होता. दोन इंच म्हणजे काय ते सुरतेत एकाला चांगलं माहीत होतं.

होर्डिंग लागलं आणि तासाभरात आबांचा फोन आला.

“दोन इंच?” अजून शुद्ध मराठीच होती.

“हो, आबा.”

“त्यांची इच्छा?”

ही तर खरीच गोष्ट होती. “हो,” मी म्हटलं. “त्यांना एवढं मोठं आवडत नाही.”

अर्ध्या तासात भूपेंद्रभाऊ दुकानात. “आबाना फोटो चार इंच कमी कर. आजच.”

दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून फोन. त्यांना सहा इंच कमी हवे होते. मग मुंबईचे सगळे गोल एकदम निम्मे झाले, तसा निरोपच आला. मी काकांना तीस केलं तर बाकीचे वीसवर गेले. मी घाबरून काकांना अठरा केलं तर ते दहावर गेले. छोटं असणं हे आता मोठं असण्याचं लक्षण झालं होतं, आणि मी काकांना कितीही खाली नेलं तरी बाकीचे आधीच त्यांच्या खाली जाऊन बसलेले असायचे. खालचे शुभेच्छुक तर आपापलं डोकं पूर्ण काढा म्हणून रांग लावत होते. एकाने नावही काढायला लावलं, नुसता “शुभेच्छुक” ठेवला.

गणपतीपर्यंत आमच्या तालुक्यात चाळीस फुटी होर्डिंग असं दिसायला लागलं की सगळं कोरं हिरवं, आणि वर डाव्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणांएवढे सात ठिपके. कोण कोणाला शुभेच्छा देतंय ते रस्त्यावरून कळायचं नाही. लोक मोटारसायकल हळू करायचे, वर बघायचे आणि वेग वाढवून निघून जायचे. एक फौजदार रोज सकाळी त्याखाली थांबून सलाम करायचा. आत कोण आहे सांगता येत नाही, म्हणाला.

पण काकांना आता कुणी ओळखू शकत नव्हतं. आधी फाट्यावरची गाडी गेली, मग सहाचे दोन पोलीस झाले, मग तेही गेले, जाताना चार केळी घेऊन. बँकेने काकांना केवायसीसाठी पुन्हा बोलावलं. भाद्रपदातल्या एका सकाळी मी कळसाडीला होतो, तेव्हा इंद्रसिंग दारात येऊन उभा राहिला. त्याने काकांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. आधी डावीकडून, मग उजवीकडून.

“गिरधर,” तो शेवटी म्हणाला, “पंप शे का?”

काकांचे डोळे भरून आले. “लई जा,” ते म्हणाले. “धुवानं काम नही.”

काकूने त्या दिवशी टीव्हीवरची चादर काढली.

मी दुपारी दुकानात परत आलो. खूप दिवसांनी भूक लागली होती. डबा उघडला तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. नंबर माझ्याकडे नव्हता. नाव नाही, फोटो नाही, नुसता राखाडी गोल.

“सातवा फोटो पाठवायचा राहून गेला होता.”

मी डबा बंद केला. थोड्या वेळाने दुसरा आला.

“आता गरज नाही. काका कसे आहेत?”

फोटो माझ्या काकांचा आहे हे मी आबांना सांगू शकलो नव्हतो. भूपेंद्रभाऊला माहीत नव्हतं. मुंबईला माहीत नव्हतं. ज्याची नोकरी गेली त्या मंत्र्याला तर नव्हतंच. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं, “बरे आहेत, साहेब. केळी बरी आहे.”

दोन निळ्या रेघा लगेच उमटल्या. मग तो लिहितोय असं दिसायला लागलं. लिहीत होता, थांबत होता, लिहीत होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं आणि तो चालू होत नव्हता.

“कोटाचं दुसरं बटण तिरकं आहे,” असं आलं.

होर्डिंगवर तो कोट आता सगळा मिळून अर्धा इंच उरला होता.

मी डबा बाजूला ठेवला, कॉम्प्युटर चालू केला आणि बटण सरळ केलं. मग चारदा तपासलं. त्यानंतर आमच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढलेल्या प्रत्येक माणसाचं दुसरं बटण सरळ आहे. का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.